नाल्याकाठचे पक्षी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पक्षिनिरीक्षणाचा पाठ म्हटला की शिक्षकांच्या मनात प्रथम सहल येते. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर नांदूर मध्यमेश्वर आहेच. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचा हा जलाशय २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. परंतु तेथवर जाण्यास वाहन लागते, खर्च येतो. आणि वर्षातून एकदा पाहिलेल्या पक्ष्याशी विद्यार्थ्यांचा परिचय होत नाही. परिचयासाठी वारंवार भेट हवी, म्हणून जागा शाळेजवळची हवी. ती ओंगळ असली तरी हरकत नाही.

गंगापूर रोडचेच उदाहरण घेऊ. अशोकस्तंभाकडून पश्चिमेस गंगापूर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. मधल्या भागात वस्ती दाटली असून तिच्यातून नाले नदीकडे उतरतात. नाकाला रुमाल लावून आपण ज्या पुलावरून घाईने जातो, तेथेच शिक्षकांनी हिवाळ्यातील एखाद्या सकाळी पाचसहा विद्यार्थ्यांसह दहा मिनिटे उभे राहावे. खाली उतरू नये. पाण्याला किंवा चिखलाला हात लावू देऊ नये. कठड्याआडून पुष्कळ दिसते.

शेपटी सतत वरखाली हलविणारा धोबी पक्षी चिखलावरून तुरुतुरु धावताना दिसेल. हा हिवाळी पाहुणा उत्तरेकडून येतो. काठाशी मातकट रंगाचा वंचक निश्चल बसलेला असतो. उडाला म्हणजे त्याचे पांढरेशुभ्र पंख पाहून मुले चकित होतात. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या आढळण्याचा संभव आहे. कचऱ्याच्या ढिगावर गायबगळे माश्या टिपतात व वर घारी घिरट्या घालतात.

हे पक्षी येथे का येतात, हा पाठाचा गाभा होय. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. त्यामुळे बहुतेक मासे तेथे तगत नाहीत. परंतु डंख न करणाऱ्या एका जातीच्या चिलटांच्या अळ्या याच गाळात वाढतात. त्यांचा रंग लाल असतो, कारण आपल्या रक्ताप्रमाणे त्यांच्यातही हिमोग्लोबिन असते व त्यामुळे अल्प प्राणवायूवर त्यांचा निर्वाह होतो. माशांची स्पर्धा नाही आणि अळ्यांचा सुकाळ आहे, म्हणजे शेकाट्यास ताट वाढून ठेवल्यासारखेच झाले!

येथे विद्यार्थी एक चुकीचा निष्कर्ष हमखास काढतात : पक्षी पुष्कळ, म्हणून पाणी चांगले. तो तत्काळ दुरुस्त करावा. पक्ष्यांच्या संख्येपेक्षा त्यांची जात अधिक सांगते. चिमणीएवढा निळा लहान खंड्या मुख्यतः माशांवर जगतो आणि मासा दिसल्यावाचून सूर मारीत नाही. त्याला नितळ पाणी लागते. पांढऱ्या छातीचा मोठा खंड्या मात्र कीटक व सरडेही खातो, तेव्हा त्याच्या दर्शनावरून पाण्याविषयी काही ठरवू नये. सोमेश्वराजवळ नदीकाठी व नाल्यावर अशा दोन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यास हा भेद मुलांना आपोआप उमगतो.

किळसवाण्या जागी नोंद ठेवणारे विरळा, याचा परिणाम गिधाडांच्या बाबतीत दिसून आला. गावोगावी मेलेली गुरे टाकण्याच्या जागी गिधाडे नित्य असत. त्यांना मोजण्याचे कोणास सुचले नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मोजणी होत होती, म्हणून तेथील घट १९९० नंतरच्या दशकात ध्यानी आली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक या प्रमाणाइतकी कमी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांचे मूत्रपिंड निकामी होई, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

वहीत तारीख, वेळ, स्थळ, पक्ष्याचे नाव, संख्या व तो काय करीत होता, एवढेच लिहावयास सांगावे. नाव ठाऊक नसल्यास चोच, पाय व रंग यांचे वर्णन पुरे. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही, त्या दिवशीही तारीख घालून ‘काही नाही’ असे लिहून घ्यावे.