शाळासोबती आणि सायकल
आजचा पाठ : जुना शाळासोबती भेटला की नोकरी, घर, मुलं विचारून होतं अन् गप्पा आटतात. भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण सुदाम्याला कशाची आठवण देतात? सांदीपनींकडे असताना लाकडं आणायला गेलो, वादळात सापडलो, एकमेकांचा हात धरून रात्र काढली. सोबत सोसलेलं विसरत नाही.

इंदूरकरांना सांदीपनी आश्रम जवळच. सांवेरमार्गे उज्जैन साधारण ५५ किमी. दोघांनी सायकलने जाऊन बघावं. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला जोर कमी लागतो. मग जागा बदलायची. एक दमला की दुसऱ्यानं थांबायचं. अशा वाटेवर कोण आयुष्यात किती पुढे गेला, हे कोणी विचारत नाही. वर्षांचा अबोलाही सुटू शकतो.

या रविवारी एका शाळासोबत्याला फोन करू या.