वजन वाढते, उंची थांबते : किशोरवयातील कुशिंग विकार

किशोरवयीन मुलाचे वजन वाढत असताना उंची वाढेनाशी झाली असेल, तर खाण्याला किंवा आळसाला दोष देण्यापूर्वी कुशिंग विकाराची शंका घ्यावी, हा रुग्णकुटुंबांच्या अनुभवातून निघणारा पहिला धडा होय. अतिआहाराने स्थूल झालेली मुले वयाच्या मानाने सहसा उंच असतात. या विकारात मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथीतील गाठ, जी बहुधा १० मिलिमीटरपेक्षाही लहान असते, एसीटीएच हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते, त्यामुळे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी जादा कॉर्टिसॉल तयार करतात आणि त्याने वाढ खुंटते. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये या गाठींचा आणि विकाराचा संबंध मांडला. तरीही निदान लांबते, कारण गोल चेहरा, मुरुमे, अनियमित पाळी ही लक्षणे वयात येण्याची समजली जातात आणि मूल विनाकारण बोलणी खात राहते.

तपासण्यांचा क्रम चुकवू नये. गोळ्या, मलमे, श्वासावाटे घ्यायची औषधे किंवा घटक न सांगता दिलेल्या पुड्या यांतून स्टेरॉइड शरीरात जात नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर २४ तासांच्या लघवीतील व रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजावे आणि डेक्सामेथासोन दिल्यावर ते दबते का हे तपासावे. विकार सिद्ध झाल्यावरच रक्तातील एसीटीएच आणि पीयूषिकेचा एमआरआय यांकडे वळावे. गाठ फार लहान असल्यास एमआरआयमध्ये ती दिसतेच असे नाही, म्हणून निर्दोष अहवालाने शंका सोडू नये. अशा वेळी पीयूषिकेतून रक्त वाहून आणणाऱ्या शिरांतील नमुने घेऊन स्रावाचा उगम शोधता येतो.

नाकावाटे गाठ काढणे हा पहिला उपचार असून तो अनुभवी शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावा. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर निरोगी पीयूषिकेला जाग येईपर्यंत कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोन घ्यावे लागते. ते मनाने बंद केल्यास जिवावर बेतू शकते, तापात मात्रा वैद्यकीय सल्ल्याने वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनासाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. या काळातील थकवा व अंगदुखी यांना शस्त्रक्रियेचे अपयश समजू नये. विकार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून पुढील तपासण्या चालू ठेवाव्यात. आणि वाढलेल्या वजनात त्याचा काहीच दोष नव्हता, हे मुलाला घरातील मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.