मुदतीचा ताप आणि प्रतिजैविके : औषध कसे निवडतात, कसे घ्यावे



आपल्या बहुतेकांच्या घरी औषधांचा एक डबा असतो. त्यात अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात. "पुन्हा ताप आला तर उपयोगी पडतील" हा त्यामागचा विचार. गोळी महाग असते, डॉक्टरांकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हा विचार चुकीचा असला तरी समजण्यासारखा आहे.

आमच्या आरोग्य अभ्यासवर्गात येणाऱ्या दहावीच्या एका मुलाला पावसाळ्यात ताप आला. घरच्या डब्यात मोठ्या बहिणीच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या होत्या. त्या त्याने तीन दिवस घेतल्या. ताप थोडा उतरला, गोळ्याही संपल्या. चार दिवसांनी ताप पुन्हा चढला, पोट दुखू लागले. डॉक्टरांना मुदतीच्या तापाची शंका आली. त्यांनी रक्त तपासायला पाठवले, पण त्यात काहीच वाढले नाही. अर्धवट औषधाने जिवाणू दबले होते, मेले नव्हते. मग डॉक्टरांना अंदाजानेच औषध निवडावे लागले. चौदा दिवस इंजेक्शने चालली. मुलगा बरा झाला, पण त्याची सहामाही परीक्षा हुकली आणि आईचे दोन आठवड्यांचे काम बुडाले.

त्याच्या आईने आम्हाला विचारले, "गोळी तर तापाचीच होती, मग चुकले काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा पाठ आहे.

१. पहिला प्रश्न : जिवाणू आहे काय?

प्रतिजैविक हे "तापाचे औषध" नव्हे. ताप हे लक्षण आहे. प्रतिजैविक जिवाणूंवर काम करते. सर्दी, फ्लू, डेंग्यू, गोवर हे रोग विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. मलेरियाचा जंतू आणखी वेगळा, त्याचे औषधही वेगळे. लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांत प्रतिजैविकाची गरज नसते. तेथे मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची गरज असते.

प्रतिजैविक जिवाणूला मारते आणि आपल्याला मारत नाही, हे कसे? जिवाणूजवळ असलेले पण आपल्या पेशीत नसलेले, किंवा वेगळ्या घडणीचे असलेले अंग शोधून ते त्यावर घाव घालते. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रायाक्झोन जिवाणूच्या भिंतीचे बांधकाम बिघडवतात. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि अझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिने तयार करण्याचा कारखाना बंद पाडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएची उलगड थांबवते. विषाणूला ना अशी भिंत, ना स्वतःचा कारखाना. म्हणून तेथे ही औषधे व्यर्थ ठरतात.

२. दुसरा प्रश्न : कोणता जिवाणू?

डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली जिवाणूंना रंग देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्या रंगाने काही जिवाणू जांभळे राहतात, काहींचा रंग धुऊन जातो. दुसऱ्या गटातील जिवाणूंना बाहेरून एक जादा आवरण असते, आणि पुष्कळ औषधे त्या आवरणापाशीच अडतात. मुदतीच्या तापाचा, म्हणजे विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला टायफी हा या दुसऱ्या गटातला. म्हणूनच अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेले आणि पुढे लाखोंचे प्राण वाचवणारे पेनिसिलिन विषमज्वरावर मात्र उपयोगी पडले नाही. चांगले औषधसुद्धा चुकीच्या रोगाला दिले तर ते औषध राहत नाही.

जिवाणू ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रक्ताचे कल्चर. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घेऊन ते जिवाणूंच्या खाद्य असलेल्या बाटलीत ठेवतात. जिवाणू असतील तर दोन-तीन दिवसांत वाढतात. "आधी रक्त, मग औषध" हा क्रम विद्यार्थ्यांनी पाठ करावा. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हाच क्रम उलटा झाला होता. रोगी अत्यवस्थ असेल तर अहवालाची वाट पाहत बसायचे नाही. रक्त घ्यायचे आणि लगेच औषध सुरू करायचे. कल्चरही परिपूर्ण नाही. विषमज्वराच्या सुमारे निम्म्या रोग्यांतच ते जिवाणू दाखवते. तरीही विडाल चाचणीपेक्षा ते अधिक भरवशाचे. विडाल चाचणी जिवाणू दाखवत नाही, शरीराने केलेला प्रतिकार दाखवते. आणि जेथे हा रोग नेहमीचा आहे तेथे जुन्या संसर्गामुळेही ती फसवू शकते.

३. तबकडीवरची परीक्षा

जिवाणू वाढला की त्याची औषधांशी गाठ घालून देतात. काचेच्या तबकडीतील खाद्यावर जिवाणू पसरवतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती मोकळे वर्तुळ दिसते, तेथे जिवाणू वाढू शकलेला नाही. हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात.

येथे विद्यार्थी नेहमी एक चूक करतात. सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगले औषध, असे त्यांना वाटते. तसे नाही. प्रत्येक औषध खाद्यात वेगळ्या वेगाने पसरते, म्हणून प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. त्या मापाशीच तुलना करायची, शेजारच्या टिकलीशी नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जेंटामायसिन हे औषध तबकडीवर विषमज्वराच्या जिवाणूला मारताना दिसते, पण रोग्याला बरे करीत नाही. कारण शरीरात हा जिवाणू आपल्याच संरक्षक पेशींच्या आत लपून राहतो आणि जेंटामायसिन तेथपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून तिसरा प्रश्न असा : रोग शरीरात कोठे आहे आणि औषध तेथे पोचते काय? मेंदूचा आवरणदाह, मूत्रमार्गाचा संसर्ग, हाडातला पू, या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

४. रोगी कोण आहे?

एकाच जिवाणूसाठी दोन रोग्यांना दोन औषधे द्यावी लागू शकतात. गरोदर स्त्रीला काही औषधे चालत नाहीत. टेट्रासायक्लिनने लहान मुलांचे दात कायमचे डागाळतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर काही औषधांचे प्रमाण कमी करावे लागते. कोणाला पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते. अशा माणसाने ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरांना न विचारता सांगावी. रोगी दुसरी कोणती औषधे घेत आहे, हेही सांगावे. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतले तर ते पुरेसे शोषले जात नाही. बहिणीची गोळी भावाला का देऊ नये, याचे उत्तर यातच आले.

५. एका रोगाची पाऊणशे वर्षे

प्रतिजैविके येण्यापूर्वी विषमज्वराच्या शंभर रोग्यांपैकी दहा ते वीस दगावत. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉलने हे रोगी बरे होतात असे दिसून आले आणि चित्र पालटले. स्वस्त आणि तोंडाने घेण्याचे औषध. क्वचित ते अस्थिमज्जेला इजा करी, पण पुढची दोन दशके तेच मुख्य औषध होते.

१९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळात क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या विषमज्वराच्या साथी आल्या. मग अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्झाझोल वापरात होती. १९९०च्या सुमारास या तिन्ही औषधांना एकदम दाद न देणारे जिवाणू भारतात पसरले. या तिघांविरुद्धची शस्त्रे एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या कड्यावर होती, आणि हे कडे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. स्वस्त झाले, सर्दीपासून जुलाबापर्यंत सर्वांना दिले गेले, आणि आज भारतातील विषमज्वराच्या बहुतेक जिवाणूंवर त्याचा भरवसा राहिलेला नाही. आता मुख्य आधार सेफ्ट्रायाक्झोनचे इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन यांचा. पण २०१६पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रायाक्झोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. तेथे तोंडाने घेण्याचे हाताशी उरलेले औषध म्हणजे अझिथ्रोमायसिन.

या हकिकतीत एक आशेची गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर कमी झाल्यावर भारतात पुष्कळ ठिकाणी जिवाणू त्याला पुन्हा दाद देऊ लागले. औषधाला विसावा मिळाला तर त्याची धार काही प्रमाणात परत येऊ शकते.

फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५मध्ये नोबेल व्याख्यानात हा धोका एका कल्पित गृहस्थाच्या गोष्टीतून सांगितला होता. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. ते पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. चूक एकाची, किंमत दुसऱ्याने मोजली. इतर औषधे आणि प्रतिजैविके यांत हाच मोठा फरक आहे. मधुमेहाची गोळी आपण चुकवली तर आपलीच साखर वाढते. प्रतिजैविकाचा दुरुपयोग केला तर शेजाऱ्याचे औषधही निकामी होऊ शकते.

६. औषध घेताना

औषध सुरू झाले की दुसऱ्या दिवशीच ताप उतरावा असे घरच्यांना वाटते. विषमज्वरात योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात. म्हणून "गुण नाही" असे म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलणे, औषध बदलणे चुकीचे. मात्र पोटात अचानक तीव्र वेदना, शौचातून रक्त किंवा गुंगी दिसली तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात न्यावे. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

किती दिवस घ्यायचे, हे रोगावर अवलंबून आहे. स्त्रियांच्या साध्या मूत्रमार्ग संसर्गाला काही वेळा तीन ते पाच दिवस पुरतात, विषमज्वराला औषधानुसार एक ते दोन आठवडे, क्षयाला साधारणपणे सहा महिने आणि तेही अनेक औषधे एकत्र. ठरवून दिलेले दिवस पुरे करावेत. बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नये, आणि आपल्या मनाने लांबवूही नये. जास्त दिवस म्हणजे जास्त गुण, असे नाही.

पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही असे समजावे. १ मार्च २०१४पासून सेफ्ट्रायाक्झोन, सेफिक्झाइम यांसारख्या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवावी असा नियम आहे. नियम कागदावर आहे. तो पाळला जातो की नाही, हे आपल्या मागणीवरही ठरते.

सर्वांत चांगले प्रतिजैविक म्हणजे जे घ्यावेच लागले नाही ते. विषमज्वर दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. शुद्ध पाणी, झाकलेले अन्न, साबणाने धुतलेले हात, वापरात असलेले संडास हे त्याचे खरे उपाय. लसही आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस देण्याची मोहीम काढली. सरकारी पातळीवर ही लस वापरण्याचा जगातला तो पहिला प्रयत्न होता. जेथे नळाचे पाणी गटाराजवळून येते, तेथे पाइप दुरुस्त करा असा अर्ज करणे हेही आरोग्याचेच काम आहे.

त्या विद्यार्थ्याच्या आईला आम्ही एवढेच सांगितले : "ताई, तुमची माया चुकली नाही, गोळी चुकली आणि क्रम चुकला." पुढच्या बैठकीला तिने घरचा डबा आणला आणि सर्वांसमोर उघडला. त्यात चार प्रकारची प्रतिजैविके निघाली, एकही पट्टी पूर्ण नव्हती. आपण प्रत्येकाने आज घरी गेल्यावर आपला डबा असाच उघडून पाहावा, ही विनंती.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. विषाणूंवर प्रतिजैविके का चालत नाहीत?
२. कल्चरसाठी रक्त औषधाच्या आधी का घ्यावे? कोणत्या परिस्थितीत अहवालाची वाट पाहू नये?
३. जेंटामायसिन तबकडीवर चालते, पण विषमज्वरात चालत नाही. कारण सांगा.
४. आपल्या वस्तीतील पिण्याचे पाणी कोठून येते, हे शोधून त्याचा नकाशा काढा.