जीपच्या मागच्या पेटीतले तेल

बैलगाडीचा आस करकरला की आपला हात आपोआप वंगणाकडे जातो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. जीपचे तसे नाही. तिच्या आसाचे दाते लोखंडी पेटीत बंद असतात. बाहेरून काही दिसत नाही आणि बरेच दिवस ऐकूही येत नाही.

माझा पुतण्या पाटण तालुक्यात डोंगरावरच्या वस्त्यांवरून दूध खाली आणतो. त्याची जीप जुनी आहे, चारही चाके ओढणारी. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. एके दिवशी त्याने मला विचारले, "काका, मागच्या पेटीत तेल कमी झालंय. इंजिनाचं थोडं उरलंय, तेच ओतू का? हाताला तेवढंच जाड लागतंय."

मी सारा जन्म खडू-फळ्यात काढलेला माणूस. पण गुरुजींना सगळे कळते असा गावाचा समज, आणि खरे सांगायचे तर माझाही. मी म्हणालो, "तेल ते तेल. ओत."

पुढे काही महिन्यांनी गाडी चालताना मागून घोंगावल्यासारखा आवाज येऊ लागला. मग एका संध्याकाळी घाटात कडाड् आवाज झाला. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. तीन कॅन दूध नासले. मिस्त्रीने पेटी उघडली तर दात्यांचे तुकडे हातात आले. नवीन दाते बसवायला पैसे उसने काढावे लागले. पतपेढीचा हप्ता थकला तो वेगळाच. त्यात निम्मी चूक माझी होती. म्हणून मिस्त्रीजवळ बसून मी हा विषय समजून घेतला, तो तुम्हाला सांगतो.

त्या पेटीला डिफरन्शियल म्हणतात. ती मागच्या दोन चाकांच्या मध्ये, भोपळ्यासारखी फुगलेली असते. तिचे काम काय? मळणी आठवा. खळ्यावर मेढीजवळचा बैल थोडा चालतो आणि कडेचा बैल पुष्कळ चालतो. वळणावर जीपच्या चाकांचे तसेच होते. आतले चाक कमी फिरते, बाहेरचे जास्त फिरते. बैलगाडीची चाके आसावर सुटी असतात, म्हणून तिला अडचण नाही. जीपच्या चाकांना इंजिन फिरवते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. ही पेटी दोघांना ज्याच्या त्याच्या चालीने फिरू देते, आणि जोरही देते.

पेटीत एक लहान दातेरी चाक असते, पिनियन. ते मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. त्या मोठ्याला क्राऊन म्हणतात. बहुतेक जीपगाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा जरा खाली बसवलेले असते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घासतही जातात. भरलेली गाडी चढाला लागली म्हणजे दाब इतका वाढतो, की साधे तेल दात्यांमधून पिळून निघते. मग लोखंडाला लोखंड लागते.

आता तुम्ही म्हणाल, जाड तेल घातले की झाले. मलाही तसेच वाटले होते. या पेटीच्या तेलावर ९० हा आकडा असतो, इंजिनाच्या तेलावर ४०. म्हणजे हे दुपटीहून जाड? नाही. दोन्हींचे माप वेगळे आहे. एक शेर आणि एक किलो जसे सारखे नव्हेत, तसे. गियरचे ९० हे इंजिनाच्या ४० किंवा ५० च्या जवळपासच जाड असते. फरक जाडीत नाही, आत घातलेल्या औषधात आहे. गियरच्या तेलात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दाते वाचवतात. डबा उघडला की नाकाला उग्र वास येतो तो गंधकाचा. इंजिनाच्या तेलात हे औषध इतके नसते. माझा पुतण्या फसला तो इथेच.

डब्यावर काय वाचायचे? एक, जाडी. ८०डब्ल्यू-९० म्हणजे थंडीत पातळ राहणारे आणि तापल्यावर ९० चे काम करणारे तेल. दुसरे, जीएल हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा. अशा घासणाऱ्या दात्यांना बहुधा जीएल-५ लागते. पण तेच तेल गियरबॉक्समध्ये ओतू नका. तिथे पितळी कड्या असू शकतात आणि हे औषध काही वेळा पितळ खाते. तिथे पुष्कळदा जीएल-४ सांगतात. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. पुस्तक इंग्रजीत असेल तर ती अक्षरे कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या आणि दुकानात डब्याशी ताडून पाहा. आमच्या सूनबाई रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या. आता डबा त्याच तपासतात. एकदा दुकानदाराने चार आकड्याचा डबा दिला, तो त्यांनी परत केला.

आता भरण्याची रीत. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा, म्हणजे तेल पातळ होऊन सगळे निघते. सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नका. बुचांभोवतीची माती पुसा. आणि आधी वरचे, भरायचे बूच उघडा. हे विसरू नका. खालचे उघडून तेल सांडले आणि वरचे गंजून बसलेले असले, तर गाडी तिथेच अडकली.

जुने तेल भांड्यात धरा आणि नीट पाहा. चहासारखे, दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. बुचाला पिठासारखा बारीक कीस चिकटला असेल तर घाबरू नका. तुकडे निघाले तर मिस्त्रीला बोलवा. हे तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

खालचे बूच चांगला वायसर घालून घट्ट करा. मग वरच्या भोकातून हळूहळू भरा. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागून ओघळू लागले की थांबा. जुन्या विलीज जीपच्या एका पेटीत सुमारे १.२ लिटर मावते. जास्त कोंबू नका. जादा तेल चाकाकडे जाऊन ब्रेकवर पडते, आणि उतारावर ब्रेक लागत नाही.

पेटीवर हवेची एक बारीक नळी असते. चिखलाने ती बुजली की तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. उलट, तापलेली गाडी ओढ्याच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्यांनी ही नळी साफ ठेवावी आणि तेल अधूनमधून पाहावे.

चारही चाके ओढणाऱ्या गाडीला पुढेही अशीच पेटी असते. लोक मागची भरतात आणि पुढची विसरतात. दोन्ही भरून झाल्या, की रात्रभर गाडीखाली कोरडा पुठ्ठा घालून ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला तर बूच पुन्हा आवळा.