फेरफाराचा हरवलेला दुवा कसा शोधावा?

जमीन एका जागी स्थिर असते. पण तिच्याविषयीचे कागद अनेक कपाटांत विखुरलेले असतात. सातबारा एका ठिकाणी, फेरफार नोंदवही दुसऱ्या ठिकाणी आणि मोजणीचे कागद तिसऱ्याच कार्यालयात. या सर्वांना एकत्र बांधून ठेवतो तो एक लहानसा क्रमांक. तो चुकला की कागद असूनही नसल्यासारखे होतात. पनवेल तालुक्यातील अनेक कुटुंबांना याचा अनुभव येतो. म्हणून हा दुवा कसा असतो, तो कोठे तुटतो आणि पुन्हा कसा जोडता येतो, हे खातेदारांनी समजून घेणे हिताचे आहे.

दुव्यांची साखळी

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. आज ही नोंदणी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये होते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. त्यावरील नाव का आले, केव्हा आले, याचे उत्तर मात्र सातबाऱ्यावर नसते. ते नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला अंक हा त्या नोंदीचा क्रमांक होय. कमी झालेले नाव कंसात दाखविले जाते.

फेरफाराच्या मजकुरात आणखी पुढचे दुवे असतात. खरेदी असेल तर दस्ताचा क्रमांक, वारसनोंद असेल तर मृत्यूची तारीख, कुळकायद्याची नोंद असेल तर त्या प्रकरणाचा क्रमांक. दुरुस्त झालेल्या क्षेत्राचा दुवा भूमि अभिलेख कार्यालयातील आकारफोड किंवा कमी-जास्त पत्रकाशी जातो.

कागद सापडत नाही, तेव्हा

समजा, आजोबांच्या नावाशेजारी ४१२ हा अंक दिसतो. परंतु नक्कल मागितल्यावर त्या क्रमांकाची नोंद दुसऱ्याच जमिनीची निघते. येथे घाबरून जाऊ नये. दोष शोधण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम अंक तपासावा. हस्तलिखितात १ आणि ९, तसेच ५ आणि ६ यांची गल्लत सहज होते. फेरफार क्रमांक गावनिहाय चढत्या क्रमाने दिले जातात. म्हणजे क्रमांक वाढतो तशी नोंदीची तारीखही पुढे सरकते. आजोबांचे वडील कोणत्या वर्षी वारले हे ठाऊक असेल, तर त्या सुमाराच्या नोंदी चाळल्यावर ४१२ ऐवजी ४९२ हीच खरी नोंद असल्याचे उलगडू शकते.

दुसरे, जमिनीचा क्रमांक तपासावा. कोकणात एकाच सर्व्हे नंबरचे अनेक हिस्से पडलेले असतात. जुन्या कागदावरील हिस्सा आणि आजचा हिस्सा एकच असेल असे नाही. हा बदल आकारफोड पत्रकावरून जुळविता येतो.

तिसरे, गाव आणि जिल्हा पाहावा. १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कागदांवर रायगडऐवजी कुलाबा जिल्हा असा उल्लेख असतो. काही फार जुने कागद मोडी लिपीत असल्याने ते वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते.

चौथे, कागद कोठे ठेवला आहे ते विचारावे. चालू नोंदवह्या गावच्या तलाठ्याकडे असतात. या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. भरलेल्या जुन्या नोंदवह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा होतात. तेथे कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे असतात. ‘ड’ वर्गाचे थोड्याच काळाने नष्ट होतात. म्हणून अर्जात केवळ ‘जुने कागद मिळावेत’ असे न लिहिता गाव, सर्व्हे व हिस्सा नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे वर्ष लिहावे.

संगणक आला तरी

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जुन्या अभिलेखांच्या छायाप्रतीही संगणकावर पाहण्याची सोय झाली. तथापि, संगणक दुवा निर्माण करीत नाही. दिलेला दुवा तो जसाच्या तसा दाखवितो. हस्तलिखितातून नोंदी उतरविताना एखादा अंक चुकला, तर ती चूक सुबक अक्षरांत पुढे चालू राहते. म्हणून संगणकीय उतारा आणि जुना हस्तलिखित सातबारा शेजारी ठेवून नाव, क्षेत्र व फेरफार क्रमांक ताडून पाहावेत.

लेखनप्रमाद आढळल्यास संहितेच्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. मात्र हक्काविषयीच वाद असेल तर हा मार्ग उपयोगी नाही. तेथे कलम २४७ खालील अपील किंवा दिवाणी न्यायालय हाच उपाय. कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. चुकीची नोंद वेळीच न सुधारल्यास तीच खरी ठरण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

पनवेलला याचे मोल अधिक

नवी मुंबई प्रकल्पासाठी १९७० पासून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. त्याच वर्षी सिडकोची स्थापना झाली. जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. हा हक्क मूळ खातेदारापासून वारसांपर्यंत कागदांच्या साखळीनेच पोहोचतो. मधला एक वारस-फेरफार जुळला नाही, किंवा त्यात एखाद्या बहिणीचे नाव राहून गेले, तर नातवंडांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. ज्या शेतांत भात पिकत होते तेथून ती उठली. कागदावर तरी त्यांचा माग राहिला पाहिजे.

कार्यालयाची जबाबदारी

१९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन मांडणी व अभिलेखांची व्यवस्था सुधारण्याचा प्रयोग केला. तो पुढे लखिना पॅटर्न म्हणून ओळखला गेला. कागद नीट लावला तरच तो सापडतो, हे साधे तत्त्व त्यामागे होते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही अभिलेखांची सूची व निर्देशांक ठेवण्याचे बंधन घातले आहे. ‘फाइल सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याच्या कायदेशीर कारणांत मोडत नाही.

खातेदारानेही आपला वाटा उचलावा. घरात मृत्यू झाल्यास वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी. प्रत्येक सर्व्हे नंबरसाठी एक कागद करून त्यावर फेरफारांचे क्रमांक व तारखा क्रमाने लिहाव्यात आणि प्रमाणित नकला त्यासोबत जपाव्यात. वडीलधारी माणसे हयात असतानाच त्यांना जुन्या हिश्शांची नावे विचारून घ्यावीत. कारण कपाटातील कागद उद्याही शोधता येईल. माणसाच्या स्मरणातील दुवा मात्र त्याच्याबरोबरच जातो.