जसे जगणे, तसा डोळा

प्राण्यांच्या डोळ्यांविषयी परीक्षेत प्रश्न आला की, बऱ्याच उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते: 'घुबडाला रात्री पाहावयाचे होते म्हणून त्याचे डोळे मोठे झाले.' वाक्य सुटसुटीत आहे. पण शास्त्रदृष्ट्या ते चूक आहे. ते का चूक, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. उदाहरणे मात्र पाठ्यपुस्तकातली न घेता बऱ्हाणपूरची घेतो. आमच्या विभागाची सहल घेऊन मी तापीकाठच्या या जुन्या शहरी गेलो होतो. उघडे मैदान, किल्ल्याचे बुरूज, नदीचे पाणी आणि जमिनीखालचा अंधार, अशी चार निरनिराळी क्षेत्रे तेथे जवळजवळ आहेत. अभ्यासाला याहून सोयीचे ठिकाण कोणते?

शाही किल्ल्याच्या समोर, नदीच्या पैलतीरी आहुखाना आहे. फार्सीत 'आहू' म्हणजे हरीण. मोगलांच्या काळी येथे हरणे राखीत असत. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचे पहिले दफन याच परिसरात झाले. हरणाऐवजी आज आपल्याला शेळी चालेल, कारण दोघांच्या डोळ्यांची ठेवण सारखीच. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि बाहुली आडवी. अशा बाहुलीतून पुढचा, मागचा व बाजूंचा प्रकाश अधिक येतो आणि वरचे ऊन कमी येते. त्यामुळे जमिनीलगत दबा धरून येणारा शत्रू स्पष्ट दिसतो. पण चरताना मान खाली गेली की बाहुली उभी व्हायला नको का? तशी ती होत नाही. शेळीचे डोळे खोबणीतल्या खोबणीत ५० अंश किंवा त्याहूनही अधिक फिरतात आणि बाहुली जमिनीशी समांतर राहते. हे कोणत्याही चरणाऱ्या शेळीजवळ बसून पाहता येईल.

मांजराची बाहुली याच्या उलट, उभी. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २१४ जातींच्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. दबा धरून शिकार करणाऱ्या आणि जमिनीपासून कमी उंचीच्या प्राण्यांत उभी बाहुली विशेष आढळते, असे त्यांना दिसले. भक्ष्याचे अंतर अचूक जोखण्यास ती उपयोगी पडते. शिवाय मांजराची बाहुली १३५ पट लहानमोठी होऊ शकते; माणसाची सुमारे १५ पट. म्हणून मांजर दुपारच्या उन्हात आणि मध्यरात्री सारखेच वावरते. बऱ्हाणपूरपासून फार दूर नसलेल्या मेळघाटातला वाघ मांजराच्याच कुळातला. पण तो उंच, आणि त्याची बाहुली गोल.

आता घुबड. त्याचा डोळा गोळ्यासारखा नसून नळीसारखा असतो. लहानशा कवटीत मोठे भिंग बसवायचे तर दुसरी सोय नाही. पण त्याची किंमत द्यावी लागते. असा डोळा खोबणीत हलत नाही. ती उणीव मान भरून काढते. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. त्यामुळे मान २७० अंशांपर्यंत वळते. माशाचेही तसेच. पाण्यात डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची प्रकाश वळविण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. म्हणून बुडी मारली की आपल्याला अंधूक दिसते. माशाचे भिंग पूर्ण गोल असते आणि सगळे काम तेच करते.

शेवटी अंधार. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी शहरात आणण्यासाठी १६१५ च्या सुमारास जमिनीखालून कालवा काढण्यात आला. त्यावर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग आहे. हाच कुंडी भंडारा. तेथे एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या कालव्यात मासे सोडले तर ते आंधळे होतील का?"

प्रश्न उत्तम होता. सोडलेले मासे आंधळे होणार नाहीत. न वापरल्याने झालेला ऱ्हास पिल्लांत उतरत नाही. पण प्रत्येक पिढीत काही पिल्ले सदोष डोळ्यांची निपजतात. उजेडात ती टिकत नाहीत, अंधारात टिकतात. उलट, डोळे पोसण्यास शक्ती फार लागते, ती त्यांची वाचते. असे हजारो पिढ्या चालले तर डोळे नाहीसे होऊ शकतात. चारशे वर्षे त्याला अपुरी आहेत. मात्र केरळात कोट्टयमच्या विहिरीत सापडलेला होराग्लॅनिस कृष्णाय हा मासा पाहा. १९५० साली मेनन यांनी त्याचे वर्णन केले. हा भूजलात राहणारा मासा. त्याला डोळेच नाहीत. आणि तरीही त्याचे काही अडत नाही.

तेव्हा आपला डोळा प्रमाण मानून इतरांचे डोळे अधू किंवा तीक्ष्ण ठरविणे बरोबर नव्हे. ज्याच्या त्याच्या जगण्याला पुरेल एवढे त्याला दिसते, आणि त्यासाठी दुसरे काही सोडावेही लागते. उत्तरपत्रिकेत वाक्य लिहायचे ते असे: 'घुबडाच्या पूर्वजांपैकी ज्यांचे डोळे थोडे मोठे होते, त्यांना रात्री भक्ष्य अधिक मिळाले, त्यांची पिल्ले अधिक जगली आणि तेच डोळे पुढे चालले.' वाक्य थोडे लांब आहे खरे. पण पहिल्या वाक्यात घुबडाची इच्छा होती, यात कारण आहे.