जुन्या आरएक्सवर पैसे घालण्याआधी

‘सगळं मिळून किती येईल?’ जुनी मोटरसायकल उभी करायला निघालेला माणूस मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारतो. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मिस्त्रीही एक आकडा सांगून टाकतो. इंजिन न खोलता सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. खरा मिस्त्री म्हणतो, ‘आधी खोलू द्या दादा, मग बोलू.’ असा कुणी भेटला तर त्याला सोडू नका.

उदाहरणाला यामाहा आरएक्स १०० घेऊ. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली, ९८ सीसीची, टू-स्ट्रोक. पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात तिचं वेड अजून उतरलेलं नाही. पार्ट मिळतात, काम जाणणारे हात मिळतात, त्यामुळे हिशेब मांडायला ती सोयीची. येझदी किंवा जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटलाही हाच हिशेब लागू पडतो. बुलेटचे आकडे मात्र चढे धरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाकावी. या कामात घातलेला पैसा परत येत नाही. ‘विकली तर वसूल होईल’ हे घरच्यांना सांगायला ठीक आहे, पण बजेट त्यावर बांधू नका. जुनी आरएक्स घेणारा कागद बघतो, इंजिन आणि चेसिसचे नंबर आर्सीशी जुळतात का ते बघतो, मूळ पार्ट किती शिल्लक आहेत ते मोजतो. तुम्ही हौसेने बसवलेल्या एलईडी दिव्याचे तो एक रुपयाही देत नाही. म्हणजे हा खर्च आपल्या समाधानासाठी. मग समाधान नेमकं कशात आहे, हे पहिला नट सैल करण्याआधी ठरवायला हवं, कारण प्रत्येक समाधानाचा भाव वेगळा आहे.

आधी कागद

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ही फी २,००० रुपये केली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पण खरा फटका उशिराचा असतो, महिन्याला ३०० रुपये. जिन्याखाली पाच वर्षं विसरलेल्या गाडीवर त्याचेच १८,००० होतात. मामाने फुकट दिलेली गाडी फुकट नसते ती अशी. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून वैधता, थकबाकी आणि बँकेचा बोजा बघून घ्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेट ४५० रुपये अधिक जीएसटी. ७५ ते १५० सीसीच्या गटात थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. हे आकडे छोटे आहेत, पण सुटता कामा नयेत.

दिल्लीहून ट्रान्सपोर्टने स्वस्तात येणाऱ्या बुलेटचा मोह अनेकांना होतो. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आहे, स्वस्ताईचं मूळ त्यातच. एनओसी हातात नसेल तर ती बुलेट नव्हे, भंगार घेताय असं समजा.

न दिसणारं काम

इथेच सगळ्यात जास्त पैसा जातो आणि इथेच जायला हवा. इंजिन खोलल्यावर मिस्त्री बोअरमध्ये बोट घालून नख वरखाली फिरवतो. वरच्या टोकाला नख अडकलं की समजायचं, पायरी पडलीय, रीबोर आला. मग कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघतो. बाजूला थोडी हालली तर चालतं. वर-खाली ‘टक’ वाजली की क्रँक काढावा लागणार. या दोन मिनिटांत तुमच्या बजेटचा निकाल लागतो. त्या वेळी शेजारी उभे राहा. नंतर फोनवर कळलेलं पटत नाही.

आता आकडे. हे गल्लीतल्या साध्या वर्कशॉपचे, ढोबळ. मोठ्या शहरातला नावाजलेला स्टुडिओ याच्या दुप्पट-तिप्पट घेईल. बोअर आणि पिस्टन किट तीन हजारांच्या आतबाहेर. क्रँकचं काम, म्हणजे रॉड किट, बेअरिंगा, सील आणि प्रेसवर बसवून सेंटर काढणं, चार ते सहा हजार. क्लच प्लेटा, गॅस्केट आणि बारीकसारीक सामान दोन-तीन, मजुरी तीन-चार. म्हणजे इंजिनाला बारा ते सोळा हजार धरा. कार्बोरेटर साफ होण्यासारखा असला तर पाचशे-सातशेत भागतं, नवा घ्यायचा तर तीन हजारांच्या पुढेमागे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तीस वर्षं जुनी रबरी नळी आणि ओ-रिंगा त्यात टिकण्याची आशा धरू नका, त्या सरसकट बदला.

टायर-ट्यूबची जोडी चार-पाच हजार. ब्रेक लायनर, केबली, चेन-स्प्रॉकेट, हँडलचा कोन सेट, फोर्कचे सील आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर मिळून सहा ते आठ. चिमट्याचे, म्हणजे स्विंगआर्मचे, बुश याच वेळी बदलून घ्या, नाहीतर वळणावर मागचं चाक स्वतःच्या मताने चालतं. वायरिंग आणि बॅटरी तीन-चार हजार. इथवर बेरीज तीस-पस्तीस हजारांवर गेली आणि गाडी अजून दिसायला होती तशीच आहे! घरात याच टप्प्यावर भांडण होतं. पण ती आता सुरू होते, थांबते आणि सरळ जाते.

मग तीन महिने तशीच चालवा. रंग नाही, नवी सीट नाही. हा सल्ला कुणाला आवडत नाही, पण पैसे वाचवणारा याच्याइतका दुसरा उपाय मी पाहिलेला नाही. रोज चालवली की यादीतली अर्धी कामं आपोआप गळतात. मोबाइलवर बघितलेलं खाली झुकलेलं हँडल पुण्याच्या सिग्नलांवर मनगट दुखवणार, हे कळायला पंधरवडा पुरतो. उलट सीट दोन बोटं खाली घ्यायला हवी होती, हे दुकानात उभं राहून कधीच कळत नाही. चेसिसला रंग द्यायचाच असेल तर गाडी पुन्हा खोलावी लागेल, ही तक्रार रास्त आहे. तरी आधी कच्ची जोडणी करून चालवणं आणि मग रंगवणं हेच बरं. नव्या रंगावर पाना घसरला की जीव जातो आणि पैसेही.

कुणाला काय हवं

‘वडिलांची गाडी होती तशीच हवी’ म्हणणाऱ्याचा खर्च मूळ पार्टांवर जातो. मीटर, टाकीवरचा बॅज, मूळ सायलेन्सर यांना ठरलेला भाव नाही, विकणारा तुमचा चेहरा बघून सांगतो. ‘ओरिजनल जपान’ म्हणून नव्या डब्यात हलका माल सर्रास खपवला जातो. पुण्याचा जुना बाजार, नाना पेठेतली दुकानं, मुंबईत कुर्ल्याची भंगार गल्ली इथे फिरायचं तर जुना पार्ट नमुना म्हणून खिशात ठेवून फिरावं. वजन आणि ओतीव कडा हाताला कळतात. या माणसाला माझं सांगणं एवढंच की सगळंच चकचकीत करू नका. वडिलांच्या गुडघ्याने घासलेली टाकी नव्याने रंगवली की गाडी शोरूमची दिसते, त्यांची दिसत नाही. शिवाय रंग टाळला की दहा हजार वाचतात.

रोज ऑफिसला नेणाऱ्याचं काम वरच्या पस्तिसात जवळपास संपलेलं आहे. त्याने उरलेले पैसे उजळ हेडलाइट आणि चांगल्या सीटवर घालावेत.

ज्याला चारचौघांत वेगळी दिसणारी गाडी हवी, त्याने सावध राहावं. चेसिसचा मागचा भाग कापून कॅफे रेसर करणं म्हणजे वाड्याची आधाराची भिंत पाडून दिवाणखाना मोठा करणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर्सीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फाटक्या आवाजाच्या सायलेन्सरांचं काय होतं ते रस्त्यावर रोलर फिरवणाऱ्या पोलिसांच्या फोटोंत सगळ्यांनी पाहिलंय. रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आर्सीवर नोंद करून घ्या. सीटचं कव्हर, हँडलच्या मुठी, आरसे, मूळ रंगाचीच वेगळी छटा एवढ्यातही गाडी वेगळी दिसते. पूर्ण रंगकाम सात ते बारा हजार, सीट दीड-दोन हजार. निकेल-क्रोम नगावर असतं, त्यामुळे नगांची यादी देऊनच भाव घ्या.

चौथा माणूस सगळं स्वतःच्या हाताने करणारा. याचं बजेट सगळ्यात कमी आणि माझ्या मते समाधान सगळ्यात जास्त. त्याने वायरिंग, ब्रेक, साफसफाई आणि जोडणी घरी करावी. रीबोर आणि क्रँक मात्र लेथवाल्याकडेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात मुबलक आहेत. अवजारांचे चार-पाच हजार वेगळे धरा, आणि रविवारांचा हिशेब घरी आधीच मंजूर करून घ्या.

सगळ्यांनाच लागू होणाऱ्या दोन-तीन गोष्टी उरल्या. एकूण अंदाजावर वीस टक्के वेगळे ठेवा, ते लागतातच. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा, अगदी गंजलेलाही. मूळ पार्ट पोत्यात पडून राहिले तर बिघडत नाही, पण ते दुसऱ्याच्या आरएक्सवर चढलेले दिसले तर बिघडतं. सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला देताना चेसिस नंबरावर स्वतःच्या हाताने टेप लावा. नूतनीकरणाच्या वेळी कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात; जाड कोटिंगखाली अंक बुजले असतील तर निरीक्षक पासिंग अडवून धरतो आणि खरवडलेला नंबर त्याहून जास्त संशय वाढवतो.

बिलं, अगदी कच्च्या पावत्याही, एका पाकिटात ठेवा. पूर्ण विमा काढायचा असेल तर केलेले बदल कंपनीला लेखी कळवा. लपवलेला बदल क्लेमच्या वेळीच नेमका उघडा पडतो. रीबोरनंतर पहिले पाचशे किलोमीटर आरामात चालवा, ऑइल पंप तेल ओढतोय याची खात्री रोज करा, आणि त्यानंतर हेडचे नट पुन्हा कसून घ्यायची मजुरी मूळ व्यवहारातच धरा.